घराजवळ महायुद्धातला बॉम्ब सापडलाय, आता काय? (जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न)

दरवर्षी बांधकामाचा सीझन सुरू झाला की ग्रुपवर तेच तेच प्रश्न परत येतात, कुणाचा तरी रस्ता बंद झालेला असतो, कुणाची ट्रेन अडकलेली असते आणि पुण्याहून आईचे फोन सुरू झालेले असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी बॉम्ब निकामी करणाऱ्या खात्यात काम करत नाही, पण इथे राहून बरंच बघितलंय, वाचलंय आणि विचारून घेतलंय. तुमच्या शहराची अधिकृत सूचना आणि माझं म्हणणं यात फरक वाटला तर डोळे झाकून शहराचं ऐका.

८० वर्षं झाली ना युद्ध संपून? अजून बॉम्ब कसले सापडतात?

सापडतात, आणि रोजच्या रोज सापडतात. १९४० ते १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी युरोपवर साधारण २७ लाख टन बॉम्ब टाकले, त्यातले निम्मे एकट्या जर्मनीवर. त्यातले साधारण दहा टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. आता दहा टक्के म्हणजे किती ते तुम्हीच बघा. ते सगळे तसेच जमिनीत, नदीत, शेतात, रेल्वे यार्डाखाली गेले आणि युद्धानंतर लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं म्हणून वरून शहरं परत बांधली गेली. आज अजूनही दरवर्षी २००० टनांच्या वर जुना दारूगोळा इथल्या जमिनीतून बाहेर येतो. कुठे मेट्रोची लाईन, कुठे फायबर केबल, कुठे नवीन शाळा, खोदलं की निघतो. हॅम्बुर्ग, कोलोन, बर्लिन, हॅनोवर, सगळा रूरचा पट्टा, म्हणजे जिथे कारखाने आणि रेल्वे होती तिथे जास्त.

फोन जोरात वाजला, बॉम्ब सापडल्याचा मेसेज आलाय. पहिल्यांदा काय करू?

पहिल्यांदा नकाशा बघा. निना नावाचं सरकारी ॲप आहे ते नसेल तर आजच टाका, आणि २०२३ पासून सेल ब्रॉडकास्ट पण आहे, म्हणजे ॲप नसलं तरी फोन कोकलतो. मेसेजमध्ये किंवा शहराच्या साईटवर एक गोल दाखवलेला असतो, त्याला इथे श्पेर्त्सोने म्हणतात. तुमचं घर त्यात आहे का ते घर नंबरावरून बघा, कारण गल्लीची एक बाजू आत आणि समोरची बाजू बाहेर असं सर्रास होतं.

आत असाल तर ऑर्डनुंग्सआम्टची, म्हणजे शहराच्या सुव्यवस्था खात्याची माणसं येऊन बेल वाजवतात. आधी एक फेरी, मग परत दुसरी फेरी, कुणी राहिलंय का बघायला. तुम्ही दुसऱ्या फेरीची वाट बघत बसू नका. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, पाकीट, चार्जर, आणि औषधं, औषधं दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतील इतकी घ्या कारण "दोन तासांचं काम आहे" म्हणतात आणि रात्रीचे बारा वाजतात. लहान मूल असेल तर दूध आणि डायपर. शेगडी बंद. हो, कुकर लावलेला असेल तर तो पण बंद, हसू नका, एकदा झोन रिकामी झाली की तुमचा गॅस बंद करायला आत कोणी जाणार नाही. गाडी झोनमध्ये असेल तर आधीच बाहेर काढून लावा, नंतर मिळणार नाही.

ज्यांना कुठे जायला नाही त्यांच्यासाठी एखाद्या शाळेचा टुर्नहाले उघडतात, म्हणजे व्यायामशाळेचा मोठा हॉल. निळ्या मॅट, बुटक्या लाकडी बाकड्या, कोपऱ्यात रेड क्रॉसवाल्यांचं टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, पुदिन्याचा बिनदुधाचा चहा आणि मोठ्या पातेल्यात सूप. सूपमध्ये सॉसेजचे तुकडे बहुतेक वेळा असतातच, त्यामुळे शाकाहारी असाल तर पोळीभाजीचा डबा सोबत घ्या, आणि स्वेटर घ्या, हॉल गार असतो. मित्रांचं घर झोनबाहेर असेल तर सरळ तिकडे जा, सगळे तेच करतात.

सासू-सासरे आलेत, सासऱ्यांना जिना उतरवत नाही. त्यांचं काय?

मेसेजमध्येच एक फोन नंबर दिलेला असतो, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी ॲम्ब्युलन्सची सोय करतात. पण हा फोन लगेच करा, शेवटच्या अर्ध्या तासात केला तर सगळे तुमच्यासाठी खोळंबून राहतील. ते व्हिजिटर व्हिसावर असले तरी काही फरक पडत नाही, बाहेर काढताना तो बघायला कुणाला वेळ नसतो.

मी नाही गेलो तर? चौथ्या मजल्यावर राहतो, मला काय होणार आहे?

तुम्ही घरात असेपर्यंत बॉम्बला कुणी हात लावणार नाही. एवढंच होईल. हजारो लोक बाहेर बसलेले, हॉस्पिटल रिकामं केलेलं, ट्रेन उभ्या, आणि सगळे तुमच्यासाठी थांबलेले. फ्रँकफर्टला ३ सप्टेंबर २०१७ ला अगदी हेच झालं, ६० हजारांच्या वर लोकांना हलवलं होतं, त्यात दोन हॉस्पिटलं, आणि काही मंडळी निघायलाच तयार नाहीत म्हणून काम लांबलं. हेलिकॉप्टरमधून उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्यांनी बघत होते की कोण राहिलंय, त्यामुळे लाईट बंद करून गपचूप बसण्याचा प्लॅन असेल तर तो सोडा. पोलीस उचलून बाहेर काढू शकतात, दंड वेगळा.

आणि चौथ्या मजल्याचं म्हणाल तर स्फोटाची हवा आधी काचा फोडते, चौथ्या मजल्याच्या काचा पण काचाच असतात.

त्सेंटनर त्सेंटनर म्हणतात ते काय?

वजनाचं जुनं माप, एक त्सेंटनर म्हणजे ५० किलो. पाच त्सेंटनरचा बॉम्ब २५० किलोचा, दहाचा ५०० चा. साधारण २५० किलोला तीनशे ते पाचशे मीटर रिकामं करतात, वीस त्सेंटनर म्हणजे एक टनवाल्याला कोलोनमध्ये एक किलोमीटर केलं होतं (४ जून २०२५, एकदम तीन बॉम्ब, २० हजारांच्या वर लोक बाहेर, डॉइट्स स्टेशन बंद, युद्धानंतरचं त्या शहरातलं सगळ्यात मोठं स्थलांतर). फ्रँकफर्टचा बॉम्ब १.८ टनांचा ब्रिटिश होता, त्यात १.४ टन नुसती स्फोटकं, तिथे दीड किलोमीटर. त्या गोलात जर्मनीच्या सेंट्रल बँकेचं मुख्यालय पण येत होतं जिथे देशाचं सोनं ठेवलंय. तसाच १.८ टनी कोब्लेन्झला डिसेंबर २०११ मध्ये निघाला, ऱ्हाईनचं पाणी आटलं म्हणून दिसला, ४५ हजार लोक हलवले. आणि आउग्सबुर्गला तर २०१६ च्या नाताळच्याच दिवशी ५४ हजार. सणासुदीला का, तर सुट्टी असते, रस्ते रिकामे असतात, लोकांची नातेवाईकांकडे सोय होते.

म्हणजे जितका मोठा बॉम्ब तितका धोका जास्त, बरोबर ना?

नाही!! आणि ग्रुपवर सगळे हेच विचारतात, "किती किलोचा आहे". वजनावरून फक्त गोल किती मोठा हे ठरतं. तो काढायला सोपा की अवघड, आज काढायचा की थांबून रविवारी काढला तरी चालेल, माणसाने जवळ जायचं की नाही, हे सगळं ठरतं फ्यूजवरून, म्हणजे बॉम्ब पेटवणाऱ्या भागावरून. इथे त्याला त्स्युंडर म्हणतात. बातमीत आउफश्लाग-त्स्युंडर दिसला तर थोडं बरं, तो आपटल्यावर लगेच फुटायचा साधा मेकॅनिकल प्रकार, तो अडकला म्हणून बॉम्ब फुटला नाही. अनुभवी माणूस तो बहुतेक वेळा अर्ध्या पाऊण तासात काढून ठेवतो. फ्रँकफर्टचा एवढा थोरला बॉम्ब पाच दिवस वाट बघून व्यवस्थित रविवारी काढला ते याच कारणाने जमलं.

पण बातमीत लांगत्साइट-त्स्युंडर किंवा झॉयरे-त्स्युंडर असा शब्द असेल, म्हणजे उशिरा फुटणारा केमिकल फ्यूज, तर २५० किलोचा असला तरी विषय वेगळा आहे. तिथे रविवारची वाट बघत नाहीत, त्याच दिवशी, गरज पडली तर मध्यरात्री तुम्हाला उठवतात. तेव्हा ऑर्डनुंग्सआम्टच्या माणसाशी उद्या सकाळी जाऊ का म्हणून वाद घालू नका.

हा केमिकल फ्यूज नक्की चालतो कसा?

हे जरा नीट सांगते कारण बाकी सगळं यावरच आहे.

बॉम्बच्या शेपटीत एक नळी असते. त्या नळीत एक छोटी काचेची कुपी, तिच्यात ॲसिटोन, हो तेच नेलपॉलिश रिमूव्हरमधलं. कुपीच्या पुढे सेल्युलॉइडच्या पातळ चकत्या, म्हणजे जुन्या सिनेमाची रिळं बनायची तेच प्लॅस्टिक. आणि या चकत्यांनी अडवून धरलेली एक स्प्रिंगवाली पिन. विमानातून बॉम्ब सुटला की शेपटीवरचा छोटा पंखा हवेने फिरतो, तो एक स्क्रू आत सरकवतो, स्क्रू कुपी फोडतो. ॲसिटोन चकत्यांवर येतं, सेल्युलॉइड हळूहळू मऊ पडतं, शेवटी पिनचा जोर सहन होत नाही, पिन सुटते आणि स्फोट. चकत्या किती जाड आणि ॲसिटोन किती कडक यावर वेळ ठरवायची, एका तासापासून १४४ तासांपर्यंत म्हणजे सहा दिवस.

आता असं का केलं असेल? विमानं निघून गेली, सायरन थांबले, लोक तळघरातून वर आले, आगीचे बंब आले, रेल्वेचे गँगमन रूळ जोडायला लागले, आणि मग फुटायचा. उद्देशच तो होता, कामाला परत कुणी हात लावू नये. शिवाय बऱ्याच फ्यूजमध्ये अशी खुबी की उलटा फिरवून काढायला गेलात तर तिथल्या तिथे फुटणार. म्हणजे निकामी करायला येणाऱ्या माणसाची पण सोय करून ठेवलेली. युद्धाच्या काळात हे बॉम्ब उकरायला नाझींनी कोणाला पाठवलं, तर छळछावणीतल्या कैद्यांना, झाक्सनहाउझनच्या कैद्यांना सुद्धा.

मग सहा दिवसांत फुटायचा तो ८० वर्षं थांबला कसा?

उलटा पडला म्हणून. बॉम्ब तिरका येतो, मऊ रेताड जमिनीत घुसतो, आत गेल्यावर सरळ जात नाही, वळतो, आणि बरेचदा नाक वर आणि शेपूट खाली असा थांबतो. शेपूट खाली म्हटल्यावर ॲसिटोन चकत्यांकडे न जाता उलट्या दिशेला, नळीच्या मागच्या टोकाला साचतं. चकत्यांना फक्त वाफ लागते किंवा थोडासा ओलावा. अर्धवट मऊ पडतात आणि तिथेच राहतात.

पण सेल्युलॉइड म्हातारं होतं. ठिसूळ होतं, भेगा पडतात. पिनवरची स्प्रिंग मात्र तशीच ताणलेली. आतलं टीएनटी सुद्धा तसंच असतं, ते कुजत वगैरे नाही. उलट नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की ॲमाटोल नावाचं जे स्फोटक तेव्हा खूप वापरलं जायचं ते जुनं झाल्यावर धक्क्याला जास्त नाजूक होतं. त्यामुळे "एवढ्या वर्षांत गंजून गेला असेल, आता काय फुटतोय" हे जे आपले काका लोक ठासून सांगतात ना, त्यांना प्लीज हे वाचायला द्या.

आपोआप फुटलेत का कधी, कुणी हात न लावता?

हो. जून २०१९ मध्ये लिम्बुर्गजवळ आलबाख गावच्या शेतात पहाटे धडाम आवाज झाला, लोकांना वाटलं भूकंप. सकाळी बघतात तर पिकात दहा मीटर रुंद आणि चार मीटर खोल खड्डा. २५० किलोचा, केमिकल फ्यूजवाला. तेव्हा शेतात कुणी नव्हतं म्हणून वाचले.

ओरानिएनबुर्गचं नाव सारखं येतं, तिथे घर घेऊ की नको?

बर्लिनची एस१ लोकल जिथे संपते ते गाव. भाडं परवडतं म्हणून आपली बरीच मंडळी तिकडे बघतात. १५ मार्च १९४५ ला, युद्ध संपायला दोन महिने पण नव्हते, ६०० च्या वर अमेरिकन विमानांनी तिथे साधारण १५०० टन बॉम्ब टाकले. कारण तिथल्या आउअर कंपनीच्या कारखान्यात युरेनियमवर काम चालायचं आणि तो भाग रशियनांच्या हाती पडणार हे दिसत होतं, तर अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज यांनी तो उडवून टाकायला सांगितलं. त्यात उशिरा फुटणारे बॉम्ब भरपूर होते आणि तिथली जमीन म्हणजे वर मऊ वाळू, खाली घट्ट थर, म्हणजे वर सांगितलं तसं नाक वर करून बसायला एकदम योग्य. १९९० पासून दोनशेच्या वर बॉम्ब काढलेत आणि अजून शेकड्यांनी आहेत असं धरून चालतात. शहर स्वतःहून एकेक भाग पद्धतशीर तपासतं. २०१३ मध्ये एका बॉम्बला जागेवरच फोडावं लागलं त्यात एक राहतं घर गेलं.

घर घ्या की, मला विचाराल तर जमीन तपासल्याचा कागद मागून घ्या. भाड्याने राहणार असाल तर फार विचार नका करू, फक्त वर्षातून काही वेळा घराबाहेर पडायची तयारी ठेवा.

सिनेमात दाखवतात तसं लाल वायर कापायची की निळी?

कुठलीच नाही, इथे सापडणाऱ्या बहुतेक ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बमध्ये कापायला वायरच नसते. सगळं यांत्रिक नाहीतर केमिकल. गंमत म्हणजे इलेक्ट्रिक फ्यूज होते ते जर्मनांच्या बॉम्बमध्ये, ते लंडनला सापडतात.

मग निकामी करतात कसं?

आधी फ्यूजवरची माती आणि गंज अगदी हळू साफ करून तो कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखायचं, त्यावर नंबर कोरलेला असतो, वाचता आला तर नशीब. साधा असेल तर गंज सोडवणारं तेल मारून मोठ्या पक्कडीने हाताने फिरवून काढतात, अगदी प्लंबिंगचं काम वाटेल असं. हाताने धोका वाटला तर फ्यूजच्या डोक्याला एक क्लॅम्प लावतात ज्याला दोन बाजूंना छोटी रॉकेटं असतात, लांबून पेटवली की क्लॅम्प गर्रकन फिरतो आणि फ्यूज बाहेर. तिसरा प्रकार पाण्याचा, वाळू मिसळलेल्या पाण्याच्या जोरदार धारेने फ्यूजचा भाग कापून काढतात, ते पण लांबून रिमोटने.

यातलं काहीच जमत नसेल तर श्प्रेंगुंग, म्हणजे आहे तिथेच फोडायचा. म्युनिकला श्वाबिंगमध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये हेच केलं, एका पाडलेल्या पबच्या जागेवर २५० किलोचा केमिकल फ्यूजवाला निघाला होता. धक्का कमी व्हावा म्हणून भोवती गवताच्या पेंढ्या रचल्या, आणि स्फोटानंतर त्या पेटत्या पेंढ्या आजूबाजूच्या छपरांवर जाऊन पडल्या. दुकानांच्या काचांचा चुरा, काही ठिकाणी आग. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून पेंढा म्हटलं की म्युनिकवाले हसतात.

कुणी मेलं आहे का यात?

हो. १ जून २०१० ला ग्योटिंगेनमध्ये ५०० किलोच्या बॉम्बची तयारी चालू होती, अजून काढायला सुरुवात पण नव्हती, आणि तो फुटला. बॉम्ब निकामी करणाऱ्या टीमचे तीन जण गेले. तिघेही अनुभवी होते. फ्यूज केमिकल होता, आणखी काय सांगू. जानेवारी २०१४ मध्ये ऑयस्किर्शेनला जेसीबी चालवणारा माणूस मलबा उचलताना गेला. १ डिसेंबर २०२१ ला म्युनिकच्या डोनर्सबेर्गरब्र्युकेजवळ रेल्वेच्या कामावर ड्रिलिंग करताना फुटला, चार जखमी, आणि तिथून लोकल जात असतात. एकूण बॉम्ब किती निघतात ते बघता हे आकडे लहान आहेत, आणि लहान आहेत ते रिकामं करण्याचा हा सगळा जाच आहे म्हणून.

बॉम्ब कुठे आहे ते यांना आधी कळतं तरी कसं?

ज्यांनी टाकले त्यांच्याच फोटोंवरून! हल्ल्यानंतर ब्रिटिश आणि अमेरिकन विमानं परत यायची, किती नुकसान झालं याचे वरून फोटो काढायला. ते लाखो फोटो ब्रिटनच्या अर्काइव्हमध्ये पडून होते, १९८० च्या दशकात जर्मन राज्यांना ते विकत मिळायला लागले. आता बांधकामाच्या परवानगीआधी त्या जागेचे फोटो बघणारी माणसं बसतात. फुटलेल्या बॉम्बचा खड्डा मोठा असतो, न फुटलेल्याचं मात्र जमिनीत एक बारीकसं काळं भोक दिसतं. तेही ढग नसतील, धूर नसेल, घराची सावली पडली नसेल तर. तसा संशय आला की जागेवर जाऊन जमिनीत भोकं पाडतात आणि चुंबकीय प्रोब खाली सोडून लोखंड आहे का बघतात. बरेचदा जुना पाईप निघतो, कधी बाथटब.

स्वतःच्या बागेत खोदताना काही लोखंडी लागलं तर?

थांबा. फावडं तिथेच ठेवा, लांब व्हा, ११० किंवा ११२ ला फोन करा. हलवायचं नाही, धुवायचं नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही. पाईप निघाला तर कुणी ओरडत नाही.

खर्च कुणाचा? आणि त्या दिवसाचा पगार कापतात का?

जर्मन सैन्याच्या जुन्या दारूगोळ्याचा खर्च केंद्र सरकार, ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बचा राज्य सरकार, असं मोघम वाटप आहे. पण जागा तपासण्याचा खर्च बरेचदा जमीनमालकावर येतो आणि ते राज्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे प्लॉट घेणाऱ्यांनी हे आधी विचारा. इन्शुरन्सच्या पॉलिसीत युद्धाचं कलम असतं ते वाचा, काही कंपन्या जुने बॉम्ब धरतात काही नाही. पगाराचं म्हणाल तर ऑफिसच झोनमध्ये आलं तर सहसा कापत नाहीत. घर झोनमध्ये आणि ऑफिस बाहेर असेल तर मात्र ऑफिसला जायचंय, बॉम्बचं निमित्त चालत नाही.

हे फक्त जर्मनीतच का?

नाही हो. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनच्या रुळांजवळ अर्ध्या टनाचा निघाला, युरोस्टार सकट सगळं बंद. फेब्रुवारी २०२१ ला इंग्लंडमध्ये एक्सिटरला जर्मनांचा एक टनी बॉम्ब जागेवर फोडला, बऱ्याच घरांचं नुकसान झालं. पोलंडला श्विनोउश्चेच्या पाण्यात ऑक्टोबर २०२० मध्ये ५.४ टनांचा टॉलबॉय नावाचा बॉम्ब हळूहळू जाळायचा प्लॅन होता, तो फुटलाच, पाण्याखाली म्हणून निभावलं. जपानमध्ये २ ऑक्टोबर २०२४ ला मियाझाकी विमानतळावर टॅक्सीवेखालचा अमेरिकन बॉम्ब आपोआप उडाला, सात मीटरचा खड्डा, आणि थोडाच वेळ आधी तिथून विमान गेलं होतं.

आणि आपल्याकडे?

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत, पण १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं त्यात साधारण १४०० टन स्फोटकं होती, शिवाय कापूस आणि सोन्याच्या विटा. ६६ अग्निशमन जवान गेले, १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या सोन्याच्या विटा कित्येक दशकं गाळात सापडत राहिल्या, म्हणजे तेवढं तरी बरं निघालं. कोलकात्यावर मात्र जपान्यांनी १९४२ च्या डिसेंबरपासून बॉम्ब टाकले होते, आणि २०१८ मध्ये तिथल्या नेताजी सुभाष डॉकमध्ये गाळ काढताना महायुद्धातला मोठा बॉम्ब निघाला.

पण महाराष्ट्रात खरा धोका जुन्या युद्धाचा नाही, सरावाच्या गोळ्यांचा आहे. नगरजवळ के. के. रेंज या लष्कराच्या सरावाच्या मैदानाच्या आसपासच्या गावात लोक न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलून आणतात, पितळ-तांब्याचे पैसे मिळतात म्हणून, आणि त्यात माणसं गेलीत. त्यांना कुणाचं निना ॲप येत नाही.

बाल्टिकच्या किनाऱ्यावर ट्रिपला चाललोय, मुलांना शंख-शिंपले आणि अंबर (झाडाच्या डिंकाचे जुने पिवळे खडे) गोळा करायचंय. तिथे पण बॉम्ब?

बॉम्ब नाही, पण हा प्रश्न विचारलात ते बरं झालं कारण हे कुणी सांगत नाही. उझेडोम बेटावर पेनेम्युंडेला नाझींचं रॉकेट केंद्र होतं, ब्रिटिशांनी ऑगस्ट १९४३ मध्ये त्यावर हल्ला केला, त्यातले बरेच आग लावणारे बॉम्ब समुद्रात पडले. त्यातला पांढरा फॉस्फरस अजून लाटांबरोबर किनाऱ्यावर येतो. पिवळट, मेणकट, छोटा खडा, आणि हुबेहूब अंबरसारखा दिसतो. ओला आहे तोवर शांत. तुम्ही उचलता, कौतुकाने खिशात टाकता, तो सुकतो, अंगाच्या उबेने पेटतो आणि १३०० अंशांपर्यंत जातो. पाणी ओतलं की विझल्यासारखा वाटतो, सुकला की परत पेटतो. दरवर्षी कुणी ना कुणी मांडीला भाजून घेतं.

अंबर गोळा करायला बंदी नाही, पण सावध करणारे बोर्ड तिथे लावलेत. फक्त सोबत पत्र्याचा डबा न्या, बिस्किटांचा रिकामा चालेल, जे मिळेल ते त्यात टाका आणि डबा हॉटेलच्या खोलीत न नेता बाहेर दगडावर नीट सुकू द्या, पेटायचंच असेल तर तिथे पेटेल. प्लॅस्टिकची पिशवी नको, जॅकेटचा खिसा तर अजिबात नको. पेटलाच तर जळणारा कपडा आधी काढून फेका, भाजलेल्या जागेवर ओलं फडकं धरून ठेवा, सुकू देऊ नका, आणि ११२.